सव्वासहा ब्रिक्सचा समुद्र

आमच्या बाहेरच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीखाली सिमेंटची एक टाकी होती. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. तळ आणि तीन बाजू सिमेंटच्या, समोरची बाजू काचेची. काचेच्या फटी डांबराने बुजवल्या होत्या. आधीच्या टाकीला लोखंडी अँगलची चौकट होती, ती खाऱ्या पाण्याने वर्षाच्या आत खाऊन टाकली, म्हणून ही नवी रचना. वाळू आणि दगडांची जागा सोडली तर टाकीत दीडशे लिटर पाणी मावत असे. हे पाणी समुद्राचं होतं. आमचं गाव राहुरीच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. तिथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. नोकरीत दिवसभर मोजमाप करायचं आणि घरी येऊन पुन्हा मोजमाप करायचं, याला लोक हसत. पण मला त्यात कंटाळा कधी आला नाही. टाकीची सुरुवातही तशी साधीच झाली. एका सहकाऱ्याच्या घरच्या लग्नाला रत्नागिरीला गेलो होतो. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे पत्ते कुटायला बसले आणि मी ओहोटीला खडकांवर गेलो. खडकातल्या खळग्यांत गुडघाभर पाणी साचलेलं होतं आणि त्या पाण्यात एक अख्खी वसाहत होती. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे बोटाएवढे मासे, शंखात घर करून फिरणारे खेकडे, आणि खडकाला चिकटलेली समुद्रफुलं. नाव फूल असलं तरी तो प्राणी आहे. मधे तोंड आणि भोवती पाकळ्यांसारख्या मऊ सोंडा. सोंडेला काही खाण्याजोगं लागलं की ती त्याला चिकटते आणि तोंडाकडे वळवते. शेजारच्या खडकावर हिरव्या बटणांसारख्या तोंडांचा एक पट्टा पसरला होता, पोवळ्याच्या गोतातला. दोन तास मी तिथे उन्हात बसून होतो. परत येताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: एवढा खळगा जर भरती-ओहोटीच्या मधल्या सहा तासांत स्वतःच्या जिवावर टिकतो, तर तो आपल्या घरी कायमचा का टिकू नये?

पहिल्या वर्षी टिकला नाही. मी घाई केली, सगळे प्राणी एकदम घातले आणि आठवड्याच्या आत पाण्याला वास सुटला. दुसऱ्या वर्षी आधी नुसती वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि एक खडक घातला, हवेचा पंप चालू ठेवला आणि दोन महिने काहीच केलं नाही. मग एकेक प्राणी आणला. ही टाकी टिकली.

खारटपणा मोजायला माझ्याकडे कारखान्याचं साधन होतं. उसाच्या रसातली साखर मोजायला पाण्यात तरंगणारी काचेची नळी वापरतात, हायड्रोमीटर. तिच्यावर ब्रिक्सचे आकडे असतात, म्हणजे शंभर भागांत किती भाग साखर. तिला साखर आणि मीठ यांतला फरक कळत नाही, तिला फक्त पाण्याचा जडपणा कळतो. चांगलं समुद्राचं पाणी तिच्यावर सव्वासहा दाखवतं. शेजारच्या क्वार्टरमधले पॅनमन, म्हणजे कढईत साखरेचे दाणे पाडणारे आमचे गृहस्थ, एकदा माझ्या हातात ती नळी बघून म्हणाले, "भाऊसाहेब, समुद्राचा साखर-उतारा काय लागला यंदा?"

"सव्वासहा."

"मग गाळप परवडत नाही. बंद करा."

बायकोला ही टाकी आधी आवडत नव्हती. ती शेवगावकडची. तिकडे पाणी हा चेष्टेचा विषय नव्हे. तिच्या मते पाणी प्यायला, स्वयंपाकाला, जनावराला आणि उरलं तर झाडाला. खोलीत बसवून बघायला पाणी ठेवायचं हे तिला पटत नव्हतं. पण दोन्ही मुलं नगरला शिकायला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा दुपारची ती टाकीसमोर निवडणं-टिपणं घेऊन बसू लागली. सगळ्यात मोठं समुद्रफूल उमललं की बशीएवढं होई. फिकट तपकिरी, टोकांना जांभळी झाक. तिने त्याला कधी नाव ठेवलं नाही, पण "ते" म्हटलं की ते, हे आम्हा दोघांना कळत असे. "आज ते खिडकीकडे वळलंय," असं ती मला कामावरून आल्यावर सांगे, आणि मी ते माझ्या मनात टिपून घेई.

टाकीचं रोजचं गणित सोपं होतं. उन्हाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणजे जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी घालायचं, समुद्राचं नाही. हे न कळल्यामुळे माझी पहिली टाकी आणखीच लवकर गेली होती. गोडं पाणी मला कारखान्यातून मिळे. उसाचा रस आटवताना जी वाफ निघते ती थंड होऊन तिचं पाणी होतं. त्यात क्षार नसतात. साखरेचा अंश आहे का ते तपासून मी रोज एक कॅन घरी आणत असे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ऊसच नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांचा निम्मा वाळून चाऱ्याला गेला. गाळप अर्ध्यावर थांबलं, बॉयलर थंड झाले आणि माझं वाफेचं पाणी बंद झालं. वसाहतीच्या नळाला आधी एक वेळ, मग एक दिवसाआड पाणी, आणि उन्हाळा लागताच नळ कोरडे पडून टँकर सुरू झाला. दर घराला ठरलेले हंडे. ते पाणी गढूळ, त्यात ब्लीचिंग पावडरचा उग्र वास.

टँकर सुरू झाला त्या संध्याकाळी मी बायकोला टाकीचा विषय काढला. मी हिशेब तयार ठेवला होता. वर काच झाकली तर रोज अडीच लिटर उडतात.

"अडीच लिटर म्हणजे किती तांबे?" तिने विचारलं.

"तीन. सव्वातीन."

तिने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "हे बघा, मी त्याला मारा म्हणत नाही. पण आपल्या वाट्याच्या वर एक थेंब आणायचा नाही. टँकरवाल्याला चहा पाजून नाही, कारखान्यातल्या ओळखीने नाही. लोकांच्या घरात लहान पोरं आहेत. आपल्या वाट्यातलं मी वाचवीन. ते जगलं तर आपल्या वाट्यावर जगेल."

"आणि नाही जगलं तर?"

"तर टाकी फोडायची. पुन्हा हा विषय नाही."

मला हे मान्य होतं. मान्य होतं म्हणण्यापेक्षा, यापेक्षा योग्य अट मला स्वतःलाही घालता आली नसती. त्या दिवसापासून तिने भांडी राखेने घासून एकाच पाण्यात विसळायला सुरुवात केली. अंघोळ एका बादलीत दोघांची. आणि रोज सकाळी टाकीशेजारी झाकलेलं अडीच लिटर पाणी तयार असे, निवळशंख. मी हवेच्या पंपाने त्यात रात्रभर बुडबुडे सोडून ब्लीचिंगचा वास घालवलेला असायचा. उष्मा वाढला तसं टाकीभोवती ओलं गोणपाट लावलं. त्यालाही भांडी विसळलेलंच पाणी. तापमान मी कधी तीस अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळं ठीक होतं.

मग एक दिवस "ते" उमललं नाही.

पहिल्यांदा मला काळजी वाटली नाही. समुद्रफूल अधूनमधून मिटतं. दुसऱ्या दिवशी ते आणखी आकसलं. आठवड्याने त्याची मूठ झाली होती आणि तोंड सैल पडलं होतं. हिरव्या बटणांच्या पट्ट्यातली कडेची बटणं पांढरी पडली. शंखातले खेकडे शंख सोडून बाहेर पडू लागले, आणि खेकडा शंख सोडतो तो सहसा मरायलाच. गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडल्या.

मी एकेक कारण घेतलं आणि तपासलं. खारटपणा सव्वासहा. तापमान एकोणतीस. ब्लीचिंगचा वास नाही. बायकोने गढूळ पाण्यात तुरटी फिरवली होती, मला वाटलं तुरटी. दोन दिवस तुरटीशिवाय, नुसत्या फडक्याने गाळलेलं पाणी घातलं. फरक नाही. पंपाची हवा स्वयंपाकघराच्या बाजूने येते, रॉकेलच्या स्टोव्हचा धूर आत जात असेल म्हणून नळी खिडकीबाहेर काढली. फरक नाही. पंचवीस लिटर पाणी बदलावं म्हटलं तर समुद्राचं शिल्लक पाणी फक्त दहा लिटर. ते घातलं. एक दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

पॅनमन एकदा डोकावले. "भाऊसाहेब, वास सुटायच्या आत आवरा. आमच्या भिंतीला भिंत आहे."

"वास नाही सुटणार," बायको आतून म्हणाली. "मी रोज सकाळी नाक लावून बघते. मेलं तर पहिलं मला कळेल."

हे खरं होतं. मेलेलं समुद्रफूल काही तासांत नासतं आणि त्याचा वास घरभर पसरतो. ती रोज सकाळी वरची काच सरकवून वाकून हुंगायची आणि सांगायची, "आहे."

मला कोडं सुटत नव्हतं ते माशांमुळे. पट्ट्यांचे चारही मासे मजेत होते. खात होते, भांडत होते. पाणी बिघडलं तर आधी मासा मरतो, हे माझं तोवरचं गृहीत. इथे मासा ठणठणीत आणि बाकी सगळं मरतंय. असं मी कुठे पाहिलं होतं? दोन दिवस हा प्रश्न डोक्यात घेऊन मी हिंडलो. कारखाना बंद होता, प्रयोगशाळेत बाटल्या पुसण्यापलीकडे काम नव्हतं. तिथल्या खिडकीतून कारखान्याचं थंड पाण्याचं तळं दिसे, त्या वेळी तळाला भेगा पडलेलं. त्या भेगांत पांढऱ्या गोगलगाईंचे रिकामे शंख पडलेले होते, हजारो. आणि मला आठवलं की दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला त्या तळ्यात शेवाळ मारायला आम्ही मोरचूद टाकतो. शेवाळ जातं, गोगलगाई मरतात, आणि तळ्यातल्या माशांना काही होत नाही. पोरं ते मासे पकडून खातात.

मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. सल्फेट समुद्रात मुळातच असतं. उरलं तांबं.

मी घरी आलो. बायको ओट्याशी होती. मी विचारलं, "टाकीत घालायचं पाणी तू कशातून काढतेस?"

"हंड्यातून. दुसऱ्या कशातून काढणार?"

ओट्याच्या कोपऱ्यात तिचा तांब्याचा हंडा होता. लग्नात आईकडून आलेला, चिंचेने घासून लखलखीत. पिण्याचं पाणी त्यात. टँकरचं पाणी आधी बादलीत निवळायचं, मग फडक्याने गाळून हंड्यात भरायचं, रात्रभर राहू द्यायचं. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तेच.

"वाफेचं पाणी बंद झाल्यापासून रोज?"

"रोज. टँकरचं तसंच बादलीतलं घालू का त्याला? आपण पितो तेच देते. आपल्याला थोडं कमी घेते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "का? काय झालं?"

खात्री करण्याआधी काही बोलायचं नाही, हा माझा नियम. मी हंड्यातलं दोन लिटर पाणी प्रयोगशाळेत नेलं आणि मंद आचेवर चमचाभर उरेपर्यंत आटवलं. त्यात अमोनियाचे थेंब टाकले. तांबं असेल तर रंग निळा होतो. परीक्षानळी मी घरी आणून तिला खिडकीच्या उजेडात दाखवली. फिकट, पण निळा. शंका घ्यायला जागा नव्हती.

तिने नळी हातात घेतली. "हे माझ्या हंड्यातलं?"

"हो."

"म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं हेच पितो?"

"माणसाला एवढ्याने काही होत नाही. उलट चांगलं म्हणतात. फुलाला मात्र होतं. एका तांब्यातलं नाही होणार. पण रोज अडीच लिटर, आणि टाकीतून पाणी उडतं, तांबं उडत नाही. साठत गेलं."

मला वाटलं होतं की ती रडेल. ती रागावली, आणि माझ्यावर नाही, त्याच्यावर. ती टाकीसमोर जाऊन उभी राहिली. "काय नखरे आहेत! राजाला देतात ते पाणी दिलं तुला. पितळी-ॲल्युमिनियमचं चाललं असतं, आणि तांबं चालत नाही!"

"पितळही नाही चालणार. पितळात तांबं असतं."

"मग काय चालतं?"

"माती."

त्याच संध्याकाळी तिने कुंभाराकडून माठ आणला. पण नुसतं यापुढचं पाणी बदलून भागणार नव्हतं. आहे ते तांबं काढायला हवं होतं, आणि ते पाण्यातच नाही तर शिंपल्यांच्या चुऱ्यातही बसलेलं असणार, कारण चुना तांब्याला धरून ठेवतो. सगळं पाणी आणि सगळा चुरा बदलायला हवा. दीडशे लिटर समुद्र, तोही लवकर. टाकी फोडायची अट दोघांच्याही लक्षात होती.

गाळप बंद असलं तरी गोदामातली जुनी साखर मुंबईला जात होती. ट्रक जाताना भरलेला, येताना रिकामा. मी रजा टाकली, प्रयोगशाळेतून ॲसिडच्या चार मोठ्या काचेच्या बरण्या रीतसर लिहून घेतल्या. प्रत्येकीत चाळीस लिटर. लाकडी चौकटीत पेंढा घालून बसवलेल्या. सोड्याने आणि पाण्याने धुतल्या, तेही दोन दिवस भांड्यांच्या पाण्याला कात्री लावून. ट्रकचा ड्रायव्हर आमच्या भागातलाच, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ. बरण्या चढवताना म्हणाला, "साहेब, लोक म्हमईहून साड्या आनत्यात. रेडू आनत्यात. तुमी पानी आननार?"

"पाणीच."

"ते बी खारं."

"हो."

"बरं हाय. चोरीचं भ्या न्हाई."

मुंबईत गोदामात साखर उतरवून आम्ही उत्तरेला, शहराच्या घाणीपासून दूर, मढच्या किनाऱ्यावर गेलो. किनाऱ्याजवळचं पाणी मला नको होतं. एका कोळ्याच्या होडीतून खडकांच्या पलीकडे जाऊन भरतीच्या पाण्यात बरण्या भरल्या. प्रत्येक बरणीत हायड्रोमीटर बुडवून पाहिला. चारही सव्वासहाच्या आसपास. एक पोतं शिंपल्यांचा चुरा घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे घाट चढून आम्ही आमच्या जिल्ह्यात शिरलो तेव्हा सकाळचं ऊन तापायला लागलं होतं.

पारनेरच्या बाजूला रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. दोन्ही बाजूंना खडी फोडणाऱ्या बायका, डोक्यावर पदर, पायाशी हातोडे. रस्ता अरुंद केलेला, म्हणून ट्रक थांबला. फाळका खाली होता आणि पेंढ्यातून बरण्यांच्या माना वर आलेल्या होत्या. पाणी आत हललं की उन्हात चमके. एक वयस्क बाई हातोडा ठेवून उठली.

"दादा, पानी हाय का रं त्यात?"

"हाय, पन प्यायाचं न्हाई, मावशे," ड्रायव्हर म्हणाला.

"प्यायाचं न्हाई म्हंजी? सायबाचं हाय म्हून व्हय?"

"खारं हाय. समुद्राचं."

"समुद्राचं!" ती मागच्या बायकांकडे वळून म्हणाली, "आयकलं का गं? समुद्र बरन्यात भरून चाललाय ह्यो. त्वांड बघा ह्याचं थापा मारतानाचं."

ड्रायव्हरने आमच्या पिण्याच्या पाण्याचा डबा उतरवून त्यांच्यापुढे ठेवला. तो पाच मिनिटांत रिकामा झाला. पण तिचं समाधान झालं नव्हतं. तिला वाटत होतं की चांगलं पाणी आम्ही बरण्यांत दडवलंय. मी फाळक्यावर चढलो, एका बरणीचं बूच काढलं आणि रबरी नळीने तिच्या ओंजळीत पाणी सोडलं. तिने तोंडात घेतलं, डोळे घट्ट मिटले आणि बाजूला थुंकली.

"आगं बया बया! मिठाचं गाडगं!"

सगळ्या हसल्या. मग ती अचानक गंभीर झाली. ओला हात तिने डोळ्यांना लावला, कपाळाला लावला. "समिंदर हाय गं खरंच," ती हळू आवाजात म्हणाली. "आपलं कुटं जानं हुतंय तिकडं."

त्यानंतर सगळ्या उठल्या. एकेकीने ओंजळ पुढे केली. कोणी डोळ्यांना लावलं, कोणी डोक्यावर शिंपडलं, एकीने झोळीतल्या मुलाच्या पायांना लावलं. मी नळी धरून उभा होतो आणि बरणीतली पातळी खाली जाताना बघत होतो. एकशे साठमधले दहा लिटर सांडलवंडीला धरले होते. ते संपले. मला थांबवायचं होतं आणि थांबवता येत नव्हतं. ज्यांना प्यायला पाणी नाही त्यांना न पिण्याजोगं पाणीही नाकारायचं, हे माझ्या हातून होईना.

शेवटी ती पहिली बाई रिकामी कळशी घेऊन आली. "सायेब, येवढी भरून द्या. गावात मारुती हाय, त्याला घालते. समुद्र वलांडून आल्याला देव हाय त्यो. त्याला वळख पटंल."

कळशी बारा लिटरची. मी भरून दिली. ट्रक सुटला तेव्हा त्या बरणीत पंधरा-सोळा लिटर उरले होते.

"आता फुलाला कमी पडलं साहेब, तर मारुतीकडं मागा," ड्रायव्हर म्हणाला. मला हसू आलं नाही. मी मनात आकडे मांडत होतो. एकशे पस्तीस लिटर नवं. म्हणजे पंधरा लिटर जुनं ठेवावं लागणार. तांबं दहाव्या हिश्श्यावर येईल. शून्यावर नाही. दहाव्या हिश्श्यावर ते जगतं की नाही, हे मला सांगणारं कोणी नव्हतं.

घरी बायकोने विचारलं, "कमी कसं?" मी सांगितलं. मला वाटलं आता ती टाकी फोडायची अट काढेल. ती म्हणाली, "मारुतीला दिलं ना? बरं केलंत," आणि पदर खोचून टाकी उपसायला बसली.

मासे बादलीत, दगड दुसऱ्या बादलीत. जुना चुरा आम्ही वाटीवाटीने काढला. समुद्रफूल ज्या दगडाला चिकटलं होतं तो दगड तिने स्वतः, दोन्ही हातांनी, बादलीतून उचलून टाकीत ठेवला. जुनं खारं पाणी कुठे ओतायचं हाही प्रश्न होता. झाडांना घातलं तर झाडं मरणार, गटारात घातलं तर लोक म्हणणार पाणी फेकतात. मी ते रात्री न ओतता भर दुपारी, पॅनमनच्या देखत, दगडी पडीक जमिनीत नेऊन ओतलं, म्हणजे काय ओततोय ते कळावं. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि मान डोलावली.

पुढचे दिवस मोजण्याचे नव्हते. मोजण्याजोगं काही उरलं नव्हतं. आकडे सगळे बरोबर होते आणि ते मिटलेलंच होतं. लिंबाएवढं झालं होतं. हिरव्या बटणांपैकी निम्मी गेली. खेकडा एकही राहिला नाही. बायको रोज सकाळी हुंगायची. "आहे." एकदा ती बराच वेळ वाकून राहिली. मी विचारलं, "काय?" ती म्हणाली, "मला सर्दी झालीय. तुम्ही बघा." मी वाकलो. नुसता मिठाचा वास होता.

माठातलं पाणी, रोज अडीच लिटर. गोणपाट. पंप. वीज गेली तर तिने किंवा मी हवेसाठी हाताचा भाता चालवायचा. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि जे होतं ते आम्ही सोडलं नाही.

मे संपत आला होता. एका दुपारी मी आतल्या खोलीत होतो. तिने हाक मारली, मोठ्याने नाही. "अहो, या जरा. चालत या, धावू नका."

ती टाकीत हात घालून उभी होती. बोटांच्या चिमटीत भिजवलेल्या सुकटीचा एक तुकडा. समुद्रफुलाच्या कडेने तीन-चार सोंडा बाहेर आल्या होत्या, आखूड, जाड. त्यातली एक तुकड्याला चिकटली होती.

"ओढतंय," ती म्हणाली. "बघा, ओढतंय हो."

तिने बोटं सैल केली. तुकडा हळूहळू आत गेला. तोंड मिटलं. मग तिने वाटीतून दुसरा तुकडा उचलला.

"आज एवढंच," मी म्हणालो.

"महिनाभर पोटात काही नाही त्याच्या."

"म्हणूनच. पचणार नाही."

"आजारातून उठलेल्याला कोणी मोजून वाढतं का?"

"मोजूनच वाढतात."

तिने माझं ऐकलं नाही. दुसरा तुकडाही त्याने घेतला आणि तिने माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुसरा तुकडा वाळूवर पडलेला होता, जसाच्या तसा, भोवती बुळबुळीत पापुद्रा. फूल मात्र आदल्या दिवसापेक्षा थोडं रुंद होतं. तिने चिमट्याने तुकडा उचलला, पाण्याबाहेर काढून निरखला आणि कागदात गुंडाळला.

"उद्या एकच देऊ," ती म्हणाली.